कोरड्या जर्सीचा तपास

फुटबॉल खेळून आलेल्या माणसाची जर्सी कोरडी नसते. हे कळायला फुटबॉल कळावा लागत नाही, धुणं कळावं लागतं. आणि धुणं मला लग्नाच्या आधीपासून कळतं.

आमच्या ह्यांनी सत्तरीच्या उंबरठ्यावर ज्येष्ठांच्या फुटबॉल क्लबात नाव घातलं, तेव्हा मी काही बोलले नाही. उलट सुटले म्हटलं. उभी नोकरी पाणीखात्यात झालेली. रिटायर झाल्यापासून ते घरात बसून नळ कुठे ठिबकतोय ते ऐकायचे आणि वॉशर बदलायचे. आमचे नळ संपले तेव्हा शेजाऱ्यांचे सुरू झाले. त्यापेक्षा रविवारी सकाळी चेंडूमागे धावलेले बरे, असं सगळ्या जिन्याचं मत पडलं.

पहिल्याच रविवारी मी जर्सी भिजवायला घेतली, तर ती कोरडी ठणठणीत. पाठीवरची इस्त्रीची घडीसुद्धा मोडलेली नव्हती. बुटांना गवताची चार पाती चिकटलेली, तीही फोटोसाठी लावल्यासारखी. गुडघ्याला पट्टी मात्र गुंडाळलेली. पुढच्या रविवारीही जर्सी कोरडीच, आणि पट्टी दुसऱ्या गुडघ्याला. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं, तर फाटकातून हे शीळ घालत, तरण्या मुलासारखे चालत येत होते. लंगडणं आमच्या मजल्यावर आल्यावर सुरू झालं.

आता कुणी म्हणेल, बाई संशयी आहे. माझी सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंक कॉल जोडण्यात गेली. "ऑफिसातच आहे गं अजून" म्हणणाऱ्या माणसाच्या मागे पत्त्यांचा डाव पिसला जात असला, तर तो आधी मला ऐकू यायचा. संशय हा माझा स्वभाव नाही, अनुभव आहे.

तरीही एरवी मी काणाडोळा केला असता. पण ते दिवस नाजूक होते. आमचा मुलगा दूरच्या शहरात नोकरीला. तो मोठं घर घेत होता आणि आम्ही हे घर विकून त्याच्याकडे कायमचं राहायला यावं, असं त्याचं म्हणणं होतं. महिनाअखेरपर्यंत त्याला उत्तर हवं होतं, म्हणजे खोल्या किती घ्यायच्या ते त्याला ठरवता येईल. मुलाने विचारलं की हे म्हणायचे, "बघू." मी विचारलं की म्हणायचे, "बघू." मला तर ह्या घराची खिडकी सोडायची म्हटलं तरी घास उतरत नव्हता. तिथून माझ्या एक्स्चेंजचं छप्पर दिसतं. खाली आता फर्निचरचं दुकान झालंय, पण छप्पर तेच, त्यावरचा वाकडा खांबही तोच. पण ह्यांच्या मनात काय आहे? जन्मभर शहराचं पाणी कुठे मुरतंय ते शोधणारा माणूस. आता ह्यांच्यातच पाणी मुरत होतं, आणि खोदायचं कुठे ते मला कळत नव्हतं.

मी जर्सी घेऊन खालच्या मजल्यावर गेले. तिथल्या वहिनी शिवणकाम करतात. कापडाकडे बघून माणूस सांगतात.

त्यांनी जर्सीची काख उजेडात धरली. "ही खेळायला गेलीच नाही," त्या म्हणाल्या.

"मग कुठे गेली?"

"मी कापडाचं सांगते. माणसाचं तुम्ही बघा." मग सुई दातांत धरून म्हणाल्या, "बाई नसेल. बाई असती तर अत्तराचा वास आला असता. हिला नुसता संत्र्याचा येतोय."

मला बाईचा संशय तोवर आलाही नव्हता. आता संत्री खाणारी एक बाई डोक्यात शिरली ती निघेना.

औषधाच्या दुकानदाराने वेगळंच सांगितलं. "धावायला डॉक्टरांनी मनाई केली असेल, आजी. तुमच्यापासून लपवत असतील. हृदयाचं बरेच जण लपवतात." आणि एवढं गंभीर बोलून त्याने मला गुडघ्याची पट्टी विकली.

रात्रीचं जेवण व्हायच्या आत मी नणंदेला फोन लावला. ती ह्यांच्याहून मोठी, कान आता जरा मंद, पण भावाविषयीचं मत अजून तल्लख.

"वन्सं, हे फुटबॉलला म्हणून जातात आणि खेळत नाहीत."

"त्यात नवीन काय? शाळेला म्हणून जायचा आणि लाकडाच्या वखारीमागे झोपायचा. आई चपलांचे ठसे बघत बघत जायची. तूही जा."

एकूण काय, तपासाला घरच्यांची संमती मिळाली.

मैदान नगरपालिकेचं. फाटकाशी एक खिडकी आणि खिडकीत एक कारकून. मी म्हटलं, खेळ बघायचा आहे.

"प्रेक्षकांना बंदी आहे. पायऱ्यांना तडे गेलेत. आत फक्त खेळाशी संबंधित व्यक्ती."

"मी संबंधितच आहे. पत्नी आहे."

त्याने समोरचा तक्ता वरपासून खालपर्यंत पाहिला. "पत्नी आमच्याकडे नाही. खेळाडू, पंच, वैद्यकीय आणि गवत."

"गवत म्हणजे?"

"गवत कापणारे."

माझ्या वयाचा आणि गवताचा मेळ बसेना. तेवढ्यात मागून गळ्यात शिट्टी अडकवलेले एक उंच गृहस्थ आले. ते क्लबाचे कॅप्टन. आधी बसचे कंडक्टर होते. हा क्लब दुसऱ्या कुणाशी खेळत नाही, स्वतःचेच दोन भाग करून आपसात खेळतो. त्यामुळे दोन्ही बाजूंचे कॅप्टन हेच आणि पंचही हेच. एक शिट्टी झाली की खेळ थांबतो, दोन झाल्या की बससारखा सुटतो.

"तुम्हाला रेषेवर उभं राहता येईल का?" त्यांनी मला विचारलं. "आमच्या रेषेवरच्या माणसाचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. हातात झेंडी धरायची. नियम चुकला की वर करायची."

मी कुणाची कोण हे मी सांगितलं नाही. त्यांनीही विचारलं नाही. चांगल्या तपासाची सुरुवात अशीच व्हावी.

पण कारकुनाला पंचाच्या तब्येतीचा दाखला हवा होता. कॅप्टन म्हणाले, क्लबाचे डॉक्टर आहेत ना, ते देतील. डॉक्टर जवळच राहत होते. दारावरच्या पाटीवर गाय आणि कुत्रा पाहून मी जरा थबकले. डॉक्टर जनावरांचे निघाले. त्यांनी माझी खालची पापणी ओढून पाहिली, हिरड्या पाहिल्या, मग खांद्यावर थोपटून म्हणाले, "चांगली आहे." ते मला म्हणाले की सवयीने म्हणाले, ते कळायला मार्ग नव्हता. दाखला मात्र मिळाला, आणि कारकुनाने तो न वाचता शिक्का मारला. चारचौघांत मान असलेल्या बाईला गुरांच्या डॉक्टरच्या सहीवर मैदानात शिरावं लागलं. पण माघार घेतली असती तर ती संत्रीवाली बाई मला जन्मभर झोपू देणार नव्हती.

कॅप्टननी मला ऑफसाइड समजावून सांगितलं. "वहिनी, यजमान दारात उभे असताना पाहुणा त्यांच्या मागून आधीच स्वयंपाकघरात जाऊन बसला, की ऑफसाइड." असे पाहुणे मी पुष्कळ पाहिले होते. मला खेळ लगेच कळला.

रविवारी हे पुढे निघाले आणि मी मागून. डोक्यावर मोठी टोपी, डोळ्यांवर काळा चष्मा. ह्यांनी मला ओळखलं नाही. इतक्या वर्षांच्या संसारानंतर टोपीने माणूस ओळखू येत नाही, हाही मी मनात नोंदवलेला एक मुद्दा.

दोन शिट्ट्या झाल्या. आणि मी जे पाहिलं ते असं. चेंडू मैदानाच्या त्या टोकाला होता. आमचे हे ह्या टोकाला, एकटे, आसपास चिटपाखरू नाही. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, आधी एक गुडघा टेकला, मग दुसरा, आणि दुखऱ्या जागी हात ठेवून हळूच आडवे झाले. तिकडे आणखी एक जण आडवा झाला. मग तिसरा एक पडायच्या बेतात होता, तो दोघं आधीच पडलेले बघून, आपला नंबर हुकला असं समजून, निमूट धावत राहिला.

डॉक्टर आले. ह्यांच्या गुडघ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाले, "बाक."

रेषेच्या पलीकडे एक लांब लाकडी बाक होता. हे तिकडे निघाले, ते जवळजवळ पळतच.

माझ्या डोळ्यांदेखत एवढी फसवणूक! मी झेंडी वर केली. नुसती वर नाही, हलवली. कॅप्टननी शिट्टी मारली. सगळं मैदान थांबलं.

"ऑफसाइड?" कॅप्टननी विचारलं.

"खोटं," मी म्हटलं. "ह्या माणसाला काहीही लागलेलं नाही. जवळ कुणी नव्हतं. मी साक्षीदार आहे. आणि गेल्या रविवारी दुसरा पाय होता."

हे वळले. मी चष्मा काढला. ह्यांच्या चेहऱ्यावर राग असता तर मला चाललं असतं. पण तसं नव्हतं. शाळेत भर वर्गात डबा उघडून दाखवायला लावलेल्या मुलाचा चेहरा असतो ना, तसा तो झाला. ते मैदानात परत गेले आणि शेवटपर्यंत धावले. त्या दिवशीची जर्सी पिळून पाणी निघेल इतकी ओली होती. मला वाटलं होतं, अशी जर्सी बघून समाधान होईल. तसं काही झालं नाही.

घरी "बघू" होतं, तेही गेलं. मीठ हवं असलं तरी हे हात लांब करून घ्यायचे. मुलाचा फोन आला की गॅलरीत जाऊन उभे राहायचे. महिना सरत आला होता आणि आमच्या दोघांमध्ये जेवणाचं टेबल तेवढं उरलं होतं.

पुढच्या आठवड्यात कॅप्टन घरी आले. हे बाजारात गेलेले बघूनच आले असावेत. खुर्चीत बसले, पाणी प्यायले, आणि एखादी वाईट बातमी सांगावी तसे म्हणाले, "वहिनी, तुमच्यामुळे क्लब खेळायला लागला."

"मग चांगलं झालं."

"चांगलं कसलं? तुम्ही झेंडी दाखवल्यापासून पडायला कुणी धजत नाही. बाक रिकामा. सगळे वेड्यासारखे धावतात. आमचा गोली, म्हणजे गोलकीपर, त्याचा खांदा निखळला. तो दाताचा डॉक्टर, त्याच्याकडे माणसं तोंड उघडून बसलीत आणि त्याचा हात वर जात नाही. दुसऱ्याची पोटरी गेली. अहो, इतकी वर्षं कुणाला ओरखडा नाही आला."

"मग तुम्ही क्लब काढलात कशाला? बाकावर बसायला?"

"हो," ते साधेपणाने म्हणाले. "खेळ लागतोच. खेळ नसला तर बाकावर कशाला बसणार? पण बसायचं बाकावर. ज्याला काही बोलायचंय तो पडतो. डॉक्टर तोंडाकडे बघून ठरवतात. खरंच ज्याचा पाय मुरगळलाय त्याला ते म्हणतात, चाल, मोकळा होईल. नियम एकच. बाकावरच्या माणसाला काय लागलं ते विचारायचं नाही, आणि त्याच्याकडे बघायचं नाही. चेंडूकडे बघायचं. मग आमचा गोली संत्रं सोलतो आणि बोलणं सुरू होतं."

संत्रीवाली बाई म्हणजे बिनखांद्याचा दाताचा डॉक्टर होता. पण हायसं वाटायला सवड मिळाली नाही, कारण कॅप्टन बोलत होते, "आता तुमच्या खिडकीचंच घ्या. छप्पर दिसतं ती. आम्हा सगळ्यांना केवढं वाटायचं त्याचं..."

"माझी खिडकी तुम्हाला कुणी सांगितली?"

कॅप्टननी जीभ चावली. कंडक्टरला इतक्या उशिरा थांबायची घंटी मारताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

म्हणजे माझी खिडकी, माझं घास न उतरणं, मुलाचं मोठं घर, हे सगळं अकरा म्हाताऱ्यांना ठाऊक होतं. गोलीसकट. ज्या माणसाच्या तोंडून घरात दोन अक्षरं निघत नव्हती, तो तिथे संत्र्याच्या फोडीबरोबर माझं मन वाटत होता. मला असा संताप आला की मी कॅप्टनना चहा विचारायचीसुद्धा विसरले. ते गेल्यावर मी खिडकीशी जाऊन बसले आणि त्या वाकड्या खांबाकडे बघत राहिले.

तिथे मला एक्स्चेंजमधल्या आम्ही मुली आठवलो. बोर्डासमोर ओळीने बसायचो. कानाला हेडफोन, हातात प्लगच्या दोऱ्या, डोळे दिव्यांवर. मान वळवायची सोय नव्हती. त्या ओळीत मला शेजारणीने तिचा नवरा मारतो ते सांगितलं. दुसरीने तिचं गेलेलं मूल सांगितलं. मी स्वतः माझ्या आईचं दुखणं घरात कुणाला सांगायच्या आधी तिथे सांगितलं. आणि सुट्टीत त्याच बायका समोरासमोर डबा खायला बसल्या, की आम्ही बटाट्याच्या भावावर बोलायचो. एकमेकींच्या तोंडाकडे बघून त्यातलं एक अक्षर आम्हाला बोलता आलं नसतं.

आमचं टेबल चौकोनी आहे. आम्ही समोरासमोर बसतो. नव्या लग्नात हौसेने तसं बसायला लागलो, ते तसेच राहिलो.

रविवारी मी झेंडी घेऊन रेषेवर गेले. कुणी माझ्याशी बोललं नाही. दोन शिट्ट्या झाल्या. सगळे आपले जीव खाऊन धावायला लागले, एक डोळा चेंडूवर आणि एक माझ्यावर. मी इकडेतिकडे पाहिलं. आधी एक गुडघा टेकला. दुसरा टेकवेना, त्याला खरंच वाताचा त्रास आहे, म्हणून मी सरळ बसले आणि घोटा धरला. झेंडी गवतात ठेवली.

शिट्टी झाली. डॉक्टर आले. आता हा माणूस सगळ्यांसमोर माझं पितळ उघडं पाडणार, असं मला वाटलं, आणि पाडलं असतं तर ते न्यायाचंच होतं. त्यांनी माझ्या घोट्याकडे पाहिलं नाही. तोंडाकडे पाहिलं.

"बाक," ते म्हणाले.

मी बाकावर जाऊन बसले. पलीकडच्या टोकाला गोली, हात गळ्यात अडकवून. त्याने माझ्याकडे बघितलं नाही. थोड्या वेळाने मैदानाच्या मधोमध कुणीतरी आडवं झालं. कोण ते बघायला मला चष्मा लागला नाही. डॉक्टरांनी तिकडे जायचेसुद्धा कष्ट घेतले नाहीत, लांबूनच बोट दाखवलं.

हे येऊन माझ्या शेजारी बसले. चेंडू डावीकडे होता. मी डावीकडे बघत राहिले. गोलीने दातांनी संत्र्याचं साल काढून आमच्यामध्ये फोडी ठेवल्या.

"मला नाही जायचं," हे म्हणाले.

चेंडू उजवीकडे गेला. मीही उजवीकडे बघितलं.

"पण मी आधी गेलो तर? मग तू ह्या जिन्याने एकटी चढणार. वाताचा पाय तुझा. म्हणून मी नाही म्हणायला घाबरतो. आणि हो म्हटलं तर तू त्या खिडकीवाचून तिकडे झुरशील. दोन्हीकडून तूच मरतेस."

"आणि मला काय वाटतं ते अकरा जणांना विचारलंत."

"त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही ना. तू बघतेस."

ह्यावर माझ्याकडे उत्तर होतं, चांगलं खरपूस होतं, पण तेवढ्यात चेंडू गोलजवळ गेला आणि ते राहून गेलं.

"जिना मी बसत बसत चढेन," मी म्हटलं. "खाली शिवणवाल्या वहिनी आहेत. हाक मारली तर वर येतात. न मारली तरी येतात. मला पण नाही जायचं. पण हे त्याला सांगणार कोण?"

"तू सांग. तुझा जन्म फोनवर गेला."

"मी फोन जोडून द्यायची. बोलायची दुसरी माणसं."

असं आमचं चाललं होतं, तर ह्यांच्या पिशवीतला फोन वाजला. मुलगाच. ह्यांनी तो उघडला आणि मध्ये धरला. पडद्यावर त्याचा चेहरा, नीट भांग पाडलेला, पाठीमागे उघडीबोडकी भिंत.

"बाबा, ठरलं का? मला उद्या सांगायचंय तिकडे."

"आम्ही येत नाही," हे म्हणाले. एका दमात. "दोघंही. तुझ्यावर राग नाही. आम्हाला इथेच बरं आहे."

तो पडद्याच्या जवळ आला आणि म्हणाला, "आई? तुम्ही दोघं कुठे बघताय? मी बोलतोय ना."

"चेंडूकडे," मी म्हटलं.

"ठीक आहे मग," तो म्हणाला. "माझं काही नाही. तुमच्यासाठीच म्हणत होतो. तुमची सोय झाली असती. माझं काय, माझं छान चाललंय."

माझं छान चाललंय. ट्रंक लाइनवर हे वाक्य मी हजारोंच्या तोंडून ऐकलंय. ह्या वाक्याच्या मागे काय वाजत असतं ते मला ठाऊक आहे. मला संशय आला. इतक्या दिवसांत मी ह्यांची जर्सी उलटसुलट करून पाहिली, पण एवढं मोठं घर ह्या पोराला नक्की कुणासाठी हवंय, असा साधा संशय मला आला नव्हता.

मी ह्यांच्या हातातून फोन घेतला. त्याचं तोंड मैदानाकडे फिरवलं आणि तो बाकाच्या दांड्याला टेकवून उभा केला, म्हणजे मुलालाही आमची तोंडं दिसू नयेत.

"आई, मला काही दिसत नाहीये. नुसतं गवत आणि म्हातारी माणसं धावताहेत."

"तेच बघ," मी म्हटलं.

कॅप्टननी शिट्टी मारून खेळ थांबवला, दोन मारून सोडला. कुणीतरी गोल घालता घालता चेंडूवरच बसलं. फोनमधून हसू ऐकू आलं. मग ते थांबलं.

"आई," तो म्हणाला, "इकडे मी ऑफिसात एकटाच जेवतो. घरी पण."

आम्ही दोघांनी माना वळवल्या नाहीत. पलीकडच्या टोकाला गोली एका हाताने दुसरं संत्रं सोलायला लागला, आणि फोनला नीट ऐसपैस जागा व्हावी म्हणून जरा सरकून बसला.